रोबो आला तर हेल्पर जाईल की सेटर? अंबड-सातपूरच्या शॉपफ्लोअरचा हिशेब

आडगावनाका (धागाकर्ता)

रोबो आणि एआय म्हटलं की दोनच सूर ऐकू येतात. सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, नाहीतर काहीच होणार नाही. दोन्ही बाजूंनी आकडे फेकले जातात, म्हणून आधी त्यांचंच बघू. २०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय तपासले आणि ४७ टक्के रोजगाराला धोका सांगितला. २०१६ मध्ये ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची संघटना) अभ्यासात २१ देशांची सरासरी ९ टक्के आली. तीन वर्षांत तंत्रज्ञान मागे गेलं असं नाही, मोजायची पट्टी बदलली. पहिल्यांनी आख्खा व्यवसाय एक नग धरला. दुसऱ्यांनी माणूस दिवसभरात जी दहा वेगवेगळी कामं करतो ती सुटी केली.

आपणही तसंच करू. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या ५० ते २०० माणसांच्या कारखान्यांबद्दल बोलू. हेल्पर म्हणजे हाताखालचा नवा माणूस, सेटर म्हणजे मशीन जुळवून देणारा जाणता. 'ऑपरेटर जाणार' असं लिहू नका. त्याच्या आठ तासांतलं नेमकं काय जाणार ते लिहा.

चक_आणि_जॉ

सीएनसी टर्निंगपासून (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी लेथ) सुरुवात करतो. ऑपरेटर शिफ्टमध्ये काय काय करतो? जॉब (घडवायचा नग) लावणं-काढणं, चक (जॉब पकडणारा भाग) हवेने साफ करणं, ठरावीक नगांमागे गेज लावून माप बघणं, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणं, इन्सर्ट (कापणारी पाती) बदलणं, बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढणं, ट्रे भरणं, रजिस्टर लिहिणं. रोबो यातली पहिली दोन आणि ट्रे घेतो. बाकी सगळं माणसाकडेच राहतं.

आता पैसे. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा. दोन टर्निंग मशिनांमध्ये एक सहा-अक्षी रोबो, डबल ग्रिपर (जॉब धरणारा पंजा), ऑटो डोअर, ट्रे आणि कुंपण मिळून २४ लाख धरू. आधी दोन मशिनांवर एक ऑपरेटर होता, आता एक ऑपरेटर असे दोन सेल (रोबो आणि त्याची दोन मशिनं मिळून एक सेल) बघतो. म्हणजे शिफ्टमागे अर्धा माणूस वाचला, तीन शिफ्टला दीड. माणशी महिना २२ हजार धरले तर ३३ हजार होतात. देखभाल आणि वीज ६ हजार वजा केली की उरले २७ हजार. २४ लाख भागिले २७ हजार म्हणजे ८९ महिने, सव्वासात वर्षांच्या वर. या हिशेबावर कोणी रोबो घेणार नाही.

मग घेतात का? जेवण ३० मिनिटं आणि दोन चहा १० मिनिटांचे, म्हणजे शिफ्टमागे ५० मिनिटं, तीन शिफ्टला १५०. सायकल (एका जॉबला लागणारा वेळ) ७० सेकंदांची असेल तर एका मशीनवर दिवसाला १२८ जॉब जास्त निघतात, दोन्हींवर २५६. जॉबमागे ६ रुपये सुटले तर २५ दिवसांचे ३८,४०० रुपये. त्यात वरचे २७ हजार मिळवा. आता पैसे तीन वर्षांच्या आसपास वसूल. रोबो बसतो तो पगार वाचतो म्हणून नाही, चहाची सुट्टी वाचते म्हणून. अर्थात ते जादा २५६ जॉब घेणारा गिऱ्हाईक असेल तरच.

एकाच शिफ्टच्या शॉपमध्ये हेच गणित दहा वर्षांवर जातं. त्यामुळे 'शेजारच्याने घेतला म्हणून' घेऊ नये.

भगूर_फाटा

एक शिफ्टवाल्यांसाठी तुमचं गणित अपुरं आहे. माणूस घरी गेल्यावर तीन तास बिनमाणसाचं चालवा की. १०,८०० सेकंद भागिले ७०, मशीनमागे १५४ जॉब.

चक_आणि_जॉ

बरोबर, पण आधी इन्सर्टला विचारा. कडेला १०० जॉबचं आयुष्य असेल तर १ तास ५७ मिनिटांत ती संपते. पुढचे ५४ जॉब मोठ्या मापाचे किंवा खरखरीत निघतील आणि सकाळी रिवर्कचा ढीग दिसेल. टरेटमध्ये (टूल बसवायची फिरती चकती) रिकामा खाना असेल तर तेच टूल दुसऱ्यांदा लावून ठराविक नगांनंतर त्यावर जायचं, किंवा कटिंग स्पीड उतरवून कडेचं आयुष्य वाढवायचं. शिवाय ३०८ नग मावतील एवढा ट्रे लागतो. तो हिशेब बहुतेकांच्या कोटेशनमध्ये नसतो.

अशा सेलमध्ये खरा त्रास चिप्सचा, म्हणजे कातताना निघणाऱ्या धातूच्या किसाचा. लांब वेटोळी चिप चकवर राहिली की जॉब टेकत नाही, तिरका धरला जातो आणि फेसचा रनआउट जातो (समोरचा पृष्ठभाग अक्षाला काटकोनात राहत नाही). माणसाला हे दिसतं, तो बोटाने गुंडी ओढतो. रोबोला दिसत नाही. उपाय असे: चिपब्रेकर (चिपचे तुकडे पाडणारा इन्सर्टचा आकार) योग्य घ्या, प्रत्येक लोडच्या आधी चकवर हवेचा झोत द्या, आणि जॉब टेकला का हे बघायला लोकेटिंग फेसला एअर-गॅप सेन्सर लावा. तो सेन्सर 'परवडत नाही' म्हणून काढतात आणि मग रोबोला शिव्या देतात.

दुसरं कारण फोर्जिंग (डायमध्ये ठोकून घडवलेला कच्चा जॉब). डायच्या जोडरेषेवर राहिलेला फ्लॅश (बाहेर आलेला जादा धातू) कमी-जास्त असला की ग्रिपरचं बोट त्यावर बसतं आणि जॉब एक-दोन अंशांनी फिरतो. फोर्जिंगवाल्याशी ट्रिमिंगचं बोलणं रोबोची ऑर्डर देण्याआधी करायचं.

कॉलेजरोड_०७

मग प्रदर्शनात सगळे कोबॉटच (माणसाशेजारी काम करणारा रोबो) का दाखवतात? कुंपण लागत नाही, जागा वाचते म्हणे.

लॅडर_लॉजिक

कोबॉटचा हात सुरक्षित असतो, त्या हातात धरलेला जॉब नसतो. ताज्या टर्निंगच्या कडेने बोट कापतं, तिथे कोबॉटचा फोर्स सेन्सर काय करणार? आयएसओ/टीएस १५०६६ मध्ये शरीराच्या कोणत्या भागाला किती बल चालेल हे दिलंय. ते पाळायचं तर वेग उतरवावा लागतो आणि तुमची ७० सेकंदांची सायकल ८० वर जाते. जोखीम तपासायची ती ग्रिपर, जॉब, टेबल अशी सगळी धरून, नुसत्या रोबोची नाही. पॅकिंगला, स्क्रू लावायला कोबॉट छान. टर्निंगला साधा रोबो आणि साधं कुंपण.

टॉर्च_१२०

वेल्डिंगची बाजू मांडतो, कारण तिथे रोबो सगळ्यात आधी येतो आणि तिथेच सगळ्यात जास्त पस्तावा होतो.

हाताने मिग वेल्डिंग (टॉर्चमधून तार आपोआप पुढे येते ते) करणाऱ्याचा आर्क शिफ्टच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढाच पेटलेला असतो. बाकी वेळ जॉब बसवणं, टॅक (तात्पुरते टाके) मारणं, स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) झाडणं. दोन बाजूंचा पोझिशनर (जॉब धरून फिरवणारं टेबल) घेतला की एका बाजूला रोबो वेल्ड करतो तोवर माणूस दुसऱ्या बाजूला भाग चढवतो. म्हणजे चार वेल्डरच्या जागी एक-दोन लोडर आणि एक जाणता. संख्या खरंच घटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण अट कडक आहे. रोबो दर वेळी त्याच जागी येतो, फरक ±०.०५ ते ०.०८ मिमीचा, त्याचा दोष नसतोच. दोष पत्र्याचा. अंगठ्याचा नियम असा की सांध्यातली फट आणि सांध्याची जागा तारेच्या निम्म्या व्यासापेक्षा जास्त हलू नये. १.२ ची तार असेल तर ०.६ मिमी. प्रेसवर वाकवलेला पत्रा स्प्रिंगबॅक होऊन १ मिमी उघडला की वेल्डर हात जरा हलवत ती फट भरून काढतो. रोबो सरळ जातो आणि भोक पाडतो. त्यामुळे रोबो घेतल्यावर पहिले सहा महिने खरं काम चालतं ते प्रेसच्या डायवर आणि फिक्स्चरच्या (भाग जागेवर धरणारा साचा) क्लॅम्पवर. वेल्डिंगचा खर्च उतरतो, टूलरूमचा (डाय-फिक्स्चर बनवणारा विभाग) चढतो. ज्यांच्याकडे स्वतःची टूलरूम नाही त्यांनी आधी ती सोय बघावी.

रोजच्या कटकटी: काँटॅक्ट टिपचं भोक झिजून अंडाकृती झालं की तार भलत्याच जागी पडते, आणि ऑपरेटर टिप बदलायची सोडून प्रोग्रॅमचे पॉइंट सरकवतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी टिप बदलतं आणि सगळे सीम (वेल्डच्या रेषा) चुकतात. म्हणून टोकदार पिन रोवून ठेवा, शिफ्टच्या सुरुवातीला टॉर्च तिथे न्या, जुळलं नाही तर आधी टिप, मग नोझल, मग टॉर्चची मान तपासा. प्रोग्रॅमला हात शेवटी.

आणि रोबोवर कोणाला बसवायचं? कंप्युटर येणाऱ्या पोराला नव्हे, वितळलेल्या धातूचं डबकं वाचता येणाऱ्या वेल्डरला. पेंडंट (रोबो शिकवायचा हातातला पॅनल) तीन आठवड्यांत येतं. पोरॉसिटी (वेल्डमधली बारीक भोकं) गॅसमुळे आली की तेलकट पत्र्यामुळे, अंडरकट (वेल्डच्या कडेचा खड्डा) व्होल्टेजचा की वेगाचा, हे समजायला वर्षं जातात.

आडगावनाका

शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा. मग उद्याचा डबकं वाचणारा वेल्डर कुठून येणार? याकडे परत येऊ. आधी तपासणीबद्दल कोणी लिहील का?

भिंगवाला

कॅमेरा आणि एआय लावून व्हिज्युअल तपासणी. विकणारे '९८ टक्के अचूक' सांगतात. तो आकडा उलगडून बघा.

१०,००० जॉब, त्यात खरे खराब अर्धा टक्का, म्हणजे ५०. मशीन खराबांपैकी ९८ टक्के पकडते: ४९ पकडले, १ गिऱ्हाइकाकडे गेला. चांगल्यांपैकी २ टक्के उगाच बाद करते: ९,९५० चे २ टक्के म्हणजे १९९. बादच्या खोक्यात एकूण २४८ जॉब, त्यातले खरे खराब ४९. प्रत्येक पाच बादमागे चार निर्दोष. ते स्क्रॅपला टाकाल तर कॅमेऱ्याचा फायदा तिथेच बुडाला. म्हणून बादचं खोकं पुन्हा बघणारा माणूस लागतोच. मात्र चार टेबलांऐवजी एक टेबल, आणि त्यावर बसणारा तिघांपेक्षा जास्त जाणता हवा, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक जॉब शंकेचाच असतो.

चुकतं कुठे? नव्वद टक्के वेळा उजेडात. चकचकीत गोल पृष्ठभागाला साधा रिंग लाइट लावला की त्याचंच प्रतिबिंब चरा म्हणून धरलं जातं; तिथे डोम लाइट (सगळीकडून पसरलेला उजेड) लागतो. बारीक चरा दाखवायचा असेल तर उलट, कमी कोनातून आडवा उजेड. जॉबवर तेलाचा थर असेल तर दोन्ही निरुपयोगी, आधी धुवा आणि वाळवा. लेन्सवर कूलंटचा धुरळा बसतो, रोज पुसायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. कूलंटचा किंवा गंजरोधक तेलाचा ब्रँड बदलला की रंग बदलतो आणि दुसऱ्या दिवशी बादचं खोकं भरून वाहतं. खरेदी विभागाला हे माहीतच नसतं.

दहा खराब आणि दहा चांगल्या जॉबची खुणा केलेली पेटी ठेवा, प्रत्येक शिफ्टला मशीनमधून फिरवा. वीसपैकी एक चुकला तरी लाइन थांबवायची. आणि खराब जॉबचे फोटो साठवत राहा. सुरुवातीला चांगले हजार मिळतात, खराब वीससुद्धा मिळत नाहीत. फोटोवर 'चरा', 'डेंट', 'गंज' अशा खुणा करायचं नवं काम निर्माण होतं, आणि ते कंप्युटरवाल्यापेक्षा जुन्या तपासनिसालाच चांगलं जमतं.

जी_शून्य

शॉपफ्लोअर झालं, आता वरच्या मजल्यावरचं. चॅटबॉटकडून सीएनसी प्रोग्रॅम लिहून घेणं सुरू झालंय. दिसायला झकास असतो. तीन ठिकाणी हमखास फसवतो.

एक, जी-९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा आदेश) देतो आणि जी-५० ची (स्पिंडलच्या फेऱ्यांची) मर्यादा विसरतो. २०० मीटर/मिनिटला ५० मिमी व्यासावर स्पिंडल १,२७३ आरपीएमने फिरतो. फेसिंग करत ५ मिमीवर आलात की हिशेबाने १२,७३२ हवेत, म्हणजे मशीन आपल्या कमाल वेगाला जाऊन भिडतं. त्या वेगाला केंद्रोत्सारी बलाने जॉची (चकचे दाते) पकड सैल होते आणि लांब फोर्जिंग असेल तर जॉब दारावर येतो.

दोन, मिलिंगला जी-४३ आणि एच नंबर वगळतो. टूलची लांबी धरलीच जात नाही, झेड खाली जाताना सरळ टेबलात.

तीन, जी-७१ (जाड थर काढायचा तयार आदेश) काही जुन्या कंट्रोलवर एका ओळीत, नव्यावर दोन ओळींत. बॉटला तुमचं कंट्रोल ठाऊक नसतं. अलार्म आला तर नशीब. अर्थ बदलून चालला तर पहिला कट खोल बसतो.

म्हणून ड्राय रन (न कापता चालवून बघणं), सिंगल ब्लॉक (एकेक ओळ), रॅपिड २५ टक्के आणि बोट फीड होल्डच्या (चाल थांबवायच्या) बटणावर, हे सुटत नाही. पण मोबदलाही आहे: जुन्या प्रोग्रॅमला कॉमेंट घालणं, अलार्मचा अर्थ मराठीत समजावणं, सेटअप शीटचा मसुदा, यात वेळ खरंच वाचतो.

कोटेशनचंही तसंच. ड्रॉइंगवरचं '२५ एच ७' त्याने नुसतं '२५' वाचलं तर ड्रिलचा भाव लागतो. एच ७ म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, तिथे भोक नेमक्या मापाला आणायला रीमर किंवा बोरिंग आणि मोजायला एअर गेज. नगामागे किती फरक पडेल ते प्रत्येकाने आपलं बघावं. अकाउंट्समध्ये जीएसटीच्या २बी (पुरवठादारांच्या बिलांचं विवरण) जुळवणीला मदत होते, पण पुरवठादाराने बिल क्रमांक '०१२/२५-२६' लिहिला आणि तुमच्याकडे '१२' आहे, ते जुळवताना रक्कम आणि जीएसटीआयएन दोन्ही बघायला सांगा, नाहीतर दुसऱ्याच्याच १२ नंबरच्या बिलाशी लग्न लावतो.

द्राक्षवेल

नाशिक म्हणजे फक्त एमआयडीसी नाही, म्हणून दिंडोरी-निफाडची चार वाक्यं.

ड्रोन आला म्हणून फवारणीचा माणूस गेला, हे कांदा-सोयाबीनला काही अंशी खरं. द्राक्षाला नाही. ड्रोनची टाकी साधारण १० लिटरची आणि मारा वरून. मांडवावर किंवा वाय ट्रेलिसवर पानांची छत्री असते, आणि डाऊनी (केवडा रोग) पानाच्या खालच्या बाजूने येतो. औषध वरच्या थरावरच थांबतं. ट्रॅक्टरचा ब्लोअर एकरी काहीशे लिटर पाणी घालून पान उलटवत आत जातो, ते काम १० लिटरमध्ये होत नाही.

विरळणी तर लांबच. घडातले कुठले मणी कापायचे हे घड बोटांनी फिरवून मागची बाजू पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि शेजारच्या मण्याला कात्री लागली की तिथून कूज. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांची ही कला मजुरीच्या पावतीवर 'अकुशल' म्हणून लिहितात. रोबोने ती अवघड ठरवली तेव्हा कुठे तिची किंमत कळतेय.

उपयोग होतो तो हवामान केंद्राचा. पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान किती, यावरून रोगाचा अंदाज. त्यातून एखाद-दोन फवारण्या वाचल्या तर औषध, डिझेल आणि अवशेषांची चिंता तिन्ही कमी. पण सेन्सर बांधावर लावू नका, वेलीच्या छत्रीत लावा. बांधावर दव लवकर वाळतं.

ड्रोन चालवण्याचा रोजगार मात्र खरा आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाख अनुदान ठरलं होतं. एका बॅटरीत दहा-पंधरा मिनिटं उडतो, म्हणून चार-पाच जोड आणि जनरेटर नसेल तर दिवसभराचं काम घेऊ नये.

भगूर_फाटा

धागा सातपूरहून पिंपळगावला पोचला :) विरळणीवरून आठवलं, कारखान्यातल्या छाटणीचं (कामगार कपातीचं) कायद्यात काय?

कलम_चाळीस

औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलम ४० प्रमाणे सेवाशर्तीत बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि कामगार कपात होईल अशी यंत्रसामग्रीतली किंवा पद्धतीतली सुधारणा त्यात मोडते. जुन्या कायद्यात हेच कलम ९-अ होतं. कपात केली तर वर्षभर सलग सेवा झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत त्याच्या खात्यात. सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, म्हणजे या धाग्यातले बहुतेक कारखाने परवानगीच्या बाहेर.

व्यवहारात रोबोमुळे पहिला हलतो तो कंत्राटी. त्याला 'कपात' म्हणतच नाहीत, ठेकेदार सोमवारी दुसऱ्या गेटवर पाठवतो. नोटीस नाही, हिशेब नाही. युनियनने २१ दिवसांच्या नोटिशीत कायम कामगारांबरोबर याचाही मुद्दा घालावा.

आडगावनाका

वरचे सगळे प्रतिसाद एकाखाली एक ठेवले तर एकच जागा सारखी दिसते. टर्निंगला लोडिंग गेलं, वेल्डिंगला टॅक आणि साधे सीम गेले, तपासणीला सोपे जॉब गेले, ऑफिसात एंट्री गेली. म्हणजे नवा माणूस जिथून सुरुवात करतो ती पायरी. सेटर, जाणता वेल्डर, जाणता तपासनीस सगळ्यांनाच हवा आहे, पण तो हेल्परचाच तयार होत असे. शीर्षकातला प्रश्न मीच चुकीचा विचारला: आज हेल्पर जातो, दहा वर्षांनी सेटर मिळत नाही.

कॉलेजरोड_०७

आयटीआयच्या मुलांनी मग नेमकं काय शिकायचं? 'रोबोटिक्स'चे कोर्स तर गल्लोगल्ली निघालेत.

लॅडर_लॉजिक

रोबो शेवटी शिकायचा. क्रम असा ठेवा.

आधी मल्टिमीटर आणि २४ व्होल्ट डीसी. पीएनपी सेन्सर चालू झाला की अधिक २४ देतो, एनपीएन शून्याकडे ओढतो. चुकीचा लावला की सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) काही कळत नाही, आणि माणूस तासभर प्रोग्रॅम चाळत बसतो. मग न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारे भाग): ५/२ व्हॉल्व्ह, सिलिंडरवरचा रीड स्विच, फ्लो कंट्रोल. मग लॅडर (पीएलसीच्या प्रोग्रॅमची पद्धत): लॅच, टायमर, इंटरलॉक. मग पेंडंट: जॉइंट आणि लिनियर हालचालीतला फरक, टूल फ्रेम, चार बिंदूंनी टीसीपी (टूलच्या टोकाचा बिंदू) काढणं. शिकवण्याच्या मोडमध्ये वेग २५० मिमी/सेकंदाच्या आत बांधलेला असतो, तरी डोकं ग्रिपर आणि फिक्स्चरच्या मध्ये घालायचं नाही.

मुलाखतीत मी एवढंच विचारावं असं सांगेन: सेल थांबलाय, पहिलं काय कराल? 'रिसेट दाबीन' म्हणणारा नको. अलार्म वाचणारा, मग हवेचा दाब, मग कुंपणाचं दार, मग सेन्सरचा दिवा बघणारा हवा. रिसेट-स्टार्ट करत राहिल्याने ग्रिपर जॉबवर आपटतो आणि पाच मिनिटांच्या ब्रेकडाउनचे दोन दिवस होतात.

चक_आणि_जॉ

पायरीबद्दल: सेल लावताना एक मशीन हाताने चालवायचं ठेवा, शक्यतो ज्यावर रिवर्क आणि नव्या जॉबचे सँपल होतात ते. रोबोच्या सायकलमध्ये ते येतच नाही, म्हणून उत्पादन बुडत नाही. शिकाऊ मुलाला रोज दोन तास तिथे, पहिला नग त्याने काढायचा, मापं त्याने लिहायची, ऑफसेट त्याने सुचवायचा, सेटरने सही करायची.

भगूर_फाटा

रिवर्कवर शिकाऊ? जॉब आधीच अर्धा मेलेला असतो.

चक_आणि_जॉ

म्हणूनच. चुकला तर स्क्रॅपचाच स्क्रॅप. आणि रिवर्कला प्रत्येक जॉब वेगळा असतो, डायल लावून मध्य काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

टॉर्च_१२०

जाता जाता लॅडरभाऊंना एक पुरवणी, कोर्समध्ये सांगत नाहीत. बऱ्याच रोबोंच्या एन्कोडरला (सांध्याची जागा मोजणारा भाग) बॅटऱ्या असतात. त्या वेळापत्रकाप्रमाणे बदला, आणि मॅन्युअल तसं सांगत असेल तर कंट्रोलर चालू असताना, इमर्जन्सी दाबून. बंद करून काढल्या की रोबो आपले शून्य विसरतो आणि सगळे पॉइंट पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच पाडून जाण्याआधी तारीख बघून घ्या.